चुन्याच्या भिंतींसोबत एक वर्ष: इंटिरियर डिझायनरच्या स्वतःच्या घरातला रिव्ह्यू

मागच्या वर्षी मार्चमध्ये मी स्वतःच्या घरातल्या दोन खोल्यांना चुना मारून घेतला, हॉल आणि सासूबाईंची खोली. आता त्या भिंतींचा एक अख्खा पावसाळा, एक दिवाळी आणि दोन उन्हाळे बघून झालेत त्यामुळे लिहायला हरकत नाही. रंग लावल्यावर आठ दिवसांत लिहिलेल्या रिव्ह्यूवर मी विश्वास ठेवत नाही, आठ दिवस कुठलाही रंग छानच दिसतो. भिंतीचं खरं काय ते पहिल्या श्रावणात कळतं.

मी पुण्यात १९ वर्षं लोकांची घरं करतेय, पेठेतल्या जुन्या दोन खोल्यांपासून बाणेरच्या मोठ्या फ्लॅटपर्यंत. हल्ली दर तिसरा क्लायंट फोनवर कुठल्यातरी परदेशातल्या घराचा फोटो दाखवतो आणि म्हणतो ही अशी ढगाळ ढगाळ भिंत पाहिजे, लाइमवॉश म्हणतात याला. आणि मला दरवेळी वाटतं की अहो हा आपला चुना आहे, तुमच्या आजीच्या घरी दर दिवाळीच्या आधी हेच व्हायचं. पानाच्या डबीत जो असतो तोच. तर दुसऱ्यांना सांगण्याआधी आपल्या घरात करून बघावा म्हणून हा सगळा खटाटोप.

आमची बिल्डिंग १९७८ ची, दुसरा मजला, हॉलची मोठी भिंत पश्चिमेला. या भिंतीवर मी आतापर्यंत तीन वेळा चांगल्यातलं इमल्शन, म्हणजे प्लास्टिक पेंट, लावलं आणि तिन्ही वेळा दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात फुगा यायचा, मग तो फुटायचा, मग पोपडे आणि आत पांढरी पिठासारखी भुकटी. दरवेळी नवीन लांबी (पुट्टी), नवीन प्रायमर, पुन्हा तेच. एका कॉन्ट्रॅक्टरने आतूनच वॉटरप्रूफिंगचं कोटिंग मारून दिलं, पाच वर्षांची खात्री आहे म्हणाला, तर ओल बाजूला सरकून सासूबाईंच्या खोलीत निघाली. पैसे गेले ते गेलेच पण त्यांच्या कपाटातल्या चार जुन्या साड्यांना बुरशी लागली, त्याचं मला जास्त वाईट वाटलं. हे सगळं सांगण्याचं कारण म्हणजे चुन्याचा मुख्य गुण दिसण्यात नाहीये, तो यात आहे. सिमेंटचं प्लास्टर थोडी ओल पितंच, आणि त्यावर प्लास्टिक पेंटचा पडदा बसला की ती ओल आतल्या बाजूने बाहेर पडू शकत नाही, मग ती रंगालाच ढकलून बाहेर येते. चुन्याचा थर सच्छिद्र असतो, ओल येते तशी वाळूनही जाते. पण बाहेरची भेग आधी बुजवायलाच लागते बरं का. आम्हीपण सोसायटीकडून बाहेरची भेग भरून घेतली आणि मगच आत हात लावला. वरच्या घरातली पाइप गळत असेल तर कुठलाच रंग तुम्हाला वाचवणार नाही.

आता चुना म्हणजे नक्की काय ते थोडं सांगते कारण दुकानात विचारल्यावर कुणी धड सांगत नाही. चुनखडीचा दगड भट्टीत भाजतात, साधारण ९०० अंशांच्या वर, त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि राहतो तो कळीचा चुना. तो पाण्यात टाकला की खदखदून उकळतो आणि विझतो. हा विझलेला चुना पातळ करून भिंतीवर लावला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि हळूहळू पुन्हा चुनखडीच होतो. म्हणजे तुमच्या भिंतीवर दगडाचाच एक पातळ थर तयार होतो. मला हे पहिल्यांदा कॉलेजात कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता, अजूनही येतो. लोहगडावर जो चुन्याचा घाणा आहे ना, दगडी चाक फिरवायचा गोल चर, तिथे ट्रेकला आलेली मुलं फोटो काढून पुढे जातात. तो बांधकामाचा चुना मळायचा घाणा, आणि गडाचे दगड ज्याने धरून ठेवले तोच हा माल. कोकणात आणि गोव्यात तर शिंपल्या भाजूनसुद्धा चुना करायचे. आणि अशा वस्तूचं नाव आपण 'चुना लावला' म्हणून फसवणुकीला दिलंय, हे मला खरंच बोचतं.

तर माल. दोन रस्ते आहेत. एक म्हणजे तयार डबा. त्यात एक गोष्ट नीट बघा, डब्यावर लाइमवॉश लिहिलेलं असलं तरी आत चुना असेलच असं नाही, बरेचसे डबे म्हणजे ऍक्रिलिकच, एक प्रकारचा प्लास्टिक पेंटच असतं, फक्त ढगाळ इफेक्ट देणारं. दिसायला सुंदर असतात, माझी तक्रार नाही, पण ओल वाळण्याचा जो गुण म्हणते तो त्यात मिळणार नाही. डब्यामागचं बारीक अक्षरातलं वाचा, वाचता येत नसेल तर दुकानदाराला विचारा की यात बाइंडर, म्हणजे रंगाला धरून ठेवणारा पदार्थ, कुठला. दुसरा रस्ता म्हणजे कळीचा चुना आणून घरी विझवणं, मी तोच घेतला. गच्चीवर प्लास्टिकच्या पिंपात नाही, पत्र्याच्या पिंपात, कारण उष्णता खूप निघते. आधी पाणी आणि मग त्यात थोडे थोडे खडे, उलटं कधीच करायचं नाही, खड्यांवर पाणी ओतलं तर उकळता चुना अंगावर उडतो. चष्मा आणि हातमोजे घालूनच, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, लहान मुलं असतील तर गच्चीचं दार लावून घ्या. विझल्यावर मी तो दीड महिना पाण्याखाली ठेवला. जितका मुरतो तितका लोण्यासारखा होतो. मग जुन्या मलमलच्या ओढणीतून गाळून घेतला, खडा राहिला तर भिंतीवर रेघ ओढतो.

सगळ्यात महत्त्वाचं काम मात्र भिंतीचं. चुना प्लास्टिक पेंटवर बसत नाही. जुना रंग आणि लांबी पूर्ण खरवडून प्लास्टरपर्यंत जावं लागतं. घरभर धूळ, चार दिवस खोकला, पण याला पर्याय नाही. मला ओळखीच्या एका बाईंनी सांगितलं होतं की त्यांच्याकडे रंगाऱ्याने नुसता पॉलिशपेपर मारून वरून चुना दिला, तीन महिन्यांत खवले निघाले आणि त्या म्हणाल्या चुना बोगस. चुना बोगस नव्हता हो, त्याला धरायला काही दिलंच नव्हतं. साधी टेस्ट सांगते, भिंतीवर हाताने पाणी शिंपडा, पाणी आत शोषून भिंत काळपट झाली तर चालेल, थेंब ओघळून खाली आले तर अजून खरवडा. आणि नवीन बिल्डिंगमध्ये राहत असाल तर आधी बिल्डरकडून विचारून घ्या, आत जिप्सम प्लास्टर असेल तर साधा चुना थेट देऊ नका.

आता रंगारी. हा रिव्ह्यू अर्धा त्यांचा आहे. साठीच्या पुढचे काका, तरुणपणी वाड्यांना चुना मारलेले. बाकी दोन रंगारी मला म्हणाले मॅडम हे आता कोण करतं, रोलर फिरवू आणि दोन दिवसांत मोकळं होऊ. काकांनी आल्या आल्या भिंतीवरून तळवा फिरवला, नखाने जरा खाजवलं आणि म्हणाले, "ताई, भिंत तहानलेली आहे. आधी तिला पाणी पाजू." खरंच, प्रत्येक हाताच्या, म्हणजे थराच्या, आधी भिंत ओली केली त्यांनी, कोरड्या भिंतीवर दिला तर भिंत पाणी ओढून घेते आणि चुना पावडर होऊन राहतो. दुधासारखा पातळ, त्यात डिंकाचं पाणी, आणि हॉलला चार हात. पहिला हात दिल्यावर मी घाबरले होते. ओला चुना जवळजवळ पारदर्शक असतो, भिंतीवरचे जुने डाग सगळे दिसत होते, वाटलं हे काय झालं. काका चहा पीत शांत बसलेले. "ओल्यावर जाऊ नका ताई. उद्या सकाळी बघा." आणि सकाळी बघितलं तर भिंत पांढरी झाली होती, पण कागदासारखी नाही, आतून उजेड असल्यासारखी. कुंच्याचे आडवे उभे हात दिसतात, तेच तर हल्ली फोटोत लोक पैसे देऊन मागतात.

रंगाचं म्हणाल तर चुन्यात वाटेल तो रंग चालत नाही, चुना इतका जहाल असतो की बरेच रंग मारून टाकतो. टिकतात ते मातीचे. पिवडी म्हणजे पिवळी माती, गेरू, आणि हिरमुजी म्हणजे गडद लाल माती. पांढऱ्यात चिमूटभर नीळ, ती आपली जुनी युक्ती, पांढऱ्यातला पिवळेपणा निळा रंग खाऊन टाकतो म्हणून भिंत जास्त पांढरी वाटते. सासूबाईंच्या खोलीला तेच केलं, त्यांनाच विचारून. त्या म्हणाल्या, "अगं, आमच्याकडे नवरात्राच्या आधी सफेदी व्हायची, तो वास आला की आम्हाला कळायचं आता सण आले." त्या वासासाठीच त्यांनी होकार दिला असं मला वाटतं.

हॉलला मी पिवडी टाकली. आणि इथे मला थोडं जास्त बोलायचंय, कारण रंग निवडताना लोक जी एकच चूक करतात ती म्हणजे शेड कार्डाचा टपाल तिकिटाएवढा चौकोन दुकानातल्या उजेडात बघून ठरवतात. चौकोनातला रंग चार भिंतींवर गेला की दुप्पट होतो, कारण भिंती एकमेकींवर रंग फेकतात. पिवळा तर फारच. दुकानात तुम्हाला लोण्यासारखा वाटलेला शेड घरी श्रीखंडासारखा होतो. मी क्लायंटना नेहमी सांगते, अडीच फूट बाय अडीच फुटाचा तुकडा रंगवा, आणि दिवसभर बघा, सकाळी दूध तापताना बघा, दुपारी पडदे ओढल्यावर बघा, रात्री दिवे लावून बघा. चुन्याचा नमुना पुठ्ठ्यावर करून उपयोग नाही, भिंतीवरच करावा लागतो आणि वाळल्यावर तो ओल्यापेक्षा बराच फिका होतो. आम्ही पिवडीचे तीन पट्टे काढले, किलोभर चुन्याच्या लगद्याला एक, दोन आणि चार चहाचे चमचे. मी दोनवर बोट ठेवलं होतं. मग तीन दिवस घरात वावरताना बघितलं. सकाळी पश्चिमेच्या हॉलमध्ये उजेड थंड असतो, तेव्हा दोन चमच्यांचा पट्टा ताकासारखा दिसायचा, छान. पण दुपारी चार वाजता ऊन थेट आत आलं की तोच हळद घातलेल्या दुधासारखा व्हायचा. आमच्याकडे त्या वेळेला मुलगा शाळेतून येतो, टीव्ही चालू असतो, कपड्यांच्या घड्या घालायचं काम तिथेच चालतं, त्या गर्दीत तेवढा पिवळा मला नको होता. एक चमचा ठेवला. कार्डावर बघून ठरवलं असतं तर हे कधीच कळलं नसतं.

आणि मग रात्री ट्यूबलाइट लावली आणि सगळी मजा गेली. भिंत हिरवट, आजारी दिसायला लागली. आपल्याकडे घरोघरी ते ६५०० केल्विनचे, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाचे दिवे आहेत, खोक्यावर कूल डे लाइट लिहिलेले असतात, आणि पांढरा उजेड म्हणजे स्वच्छ उजेड अशी आपली समजूत आहे. मातीच्या रंगांना तो उजेड सोसत नाही, गेरू तपकिरी मळकट होतो, पिवडी हिरवट. मी हॉलमध्ये ३००० केल्विनचे पिवळसर उजेडाचे दिवे लावले आणि वाचायच्या कोपऱ्यात ४००० चा एक, आणि घेताना सीआरआय ९० च्या पुढचा आहे का ते बघितलं. सीआरआय म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, १०० पैकी. तीन दिव्यांचे मिळून हजार रुपयांच्या आतच गेले. माझं स्पष्ट मत आहे की ज्यांना घराचा रंग आवडेनासा झालाय त्यांनी रंगाऱ्याला फोन करण्याआधी दिवे बदलून बघावेत.

आता वर्षभराचं. पावसाळ्यात तो कुप्रसिद्ध कोपरा जुलैमध्ये थोडा काळपट झाला, हाताला गारवा लागत होता, मी रोज सकाळी जाऊन बघायचे. फुगा नाही, पोपडा नाही. ऑक्टोबरच्या उन्हात तो आपोआप वाळून पुन्हा भिंतीसारखा झाला, अगदी बारीक डाग राहिला आहे जो मला माहितीये म्हणून दिसतो. सासूबाईंच्या खोलीतला कुबट वास गेला. कपाटात आता बुरशी नाही.

पण त्रास आहेतच आणि ते सांगितलेच पाहिजेत. पहिला म्हणजे चुना अंगाला लागतो. डिंक घातला तरी पहिले तीन चार महिने काळा कुर्ता घालून भिंतीला टेकलं की पाठ पांढरी. मुलाच्या युनिफॉर्मच्या पँटवरून मी कितीवेळा ओरडले असेन. दुसरं, पुसता येत नाही. ओल्या फडक्याने पुसलं की डाग जाण्याऐवजी पसरतो आणि भिंतीवर वेगळाच ढग तयार होतो. आमच्या दिवाणाच्या मागे, सासरे जिथे पेपर वाचत बसतात तिथे बरोबर डोक्याच्या उंचीवर तेलाचा गोल डाग पडला, तळहाताएवढा, मध्ये गडद आणि कडेला फिका. मी तो बघितला तेव्हा मला एकदम जुन्या घरांमधला गेरूचा पट्टा आठवला, जमिनीपासून तीन चार फुटांपर्यंत लाल आणि वर पांढरं. शाळांमध्ये, दवाखान्यांमध्ये तोच ऑइल पेंटचा असायचा. आपण त्याला गावठी म्हणून काढून टाकला, पण तो पट्टा माणसांच्या अंगाची उंची मोजून काढलेला होता, टेकणाऱ्या पाठी, तेल लावलेली डोकी, मुलांचे हात, झाडूचे फटकारे, सगळं त्यात जायचं. मी दिवाणामागे साडेतीन फुटांपर्यंत हिरमुजीच्या रंगाचा धुता येणारा ऑइल पेंटचा पट्टा काढून घेतला. तेवढ्या उंचीपर्यंत भिंतीचा श्वास बंद झाला हे खरंय, पण ती आतली भिंत आहे, ओलीची नाही, त्यामुळे चालतं. आता हॉलमध्ये येणारा प्रत्येक माणूस आधी त्या पट्ट्याचं कौतुक करतो.

तिसरं, देवघर. समईच्या वर टीचभर काजळी धरते. पांढऱ्या चुन्यावर कुंच्याने एक हात मारला की संपलं, सासूबाई स्वतः मारतात महिन्याकाठी. पण रंगीत चुन्यावर ठिगळ लावाल तर ते उठून दिसतं, तिथे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंतच पुन्हा द्यावी लागते. चौथं, खिळा ठोकताना जपून, प्लास्टरचा कोपरा उडाला तर तिथला रंग तंतोतंत जुळत नाही.

त्यामुळे स्वयंपाकघरात ओट्यामागे अजिबात नको, फोडणीचे शिंतोडे पहिल्या आठवड्यात भिंतीत मुरतील. बाथरूममध्ये पाणी उडतं तिथे नको. चिंचोळ्या पॅसेजमध्ये, जिथे सगळ्यांचे खांदे घासतात, तिथे पट्टा काढणार असाल तरच. बेडरूम, छत, देवघर, बाल्कनीची आतली बाजू, ओल धरणारी बाहेरची भिंत इथे डोळे मिटून करा. भाड्याच्या घरात करू नका, खरवडण्याचा खर्च परत मिळत नाही आणि पुढच्या भाडेकरूला वर प्लास्टिक पेंट मारायचा असेल तर त्याला हे सगळं पुन्हा काढावं लागेल.

खर्च विचारतात सगळे म्हणून सांगते. दोन खोल्या, छतासकट, चुना, डिंक, पिवडी, नीळ, कुंचे मिळून माल तीन हजारांच्या आसपास. मजुरी २६ हजार, त्यात अर्ध्याहून जास्त खरवडण्याची. म्हणजे पहिल्या वेळेला हे स्वस्त नाहीये, इमल्शनच्या जवळपासच जातं. स्वस्त पडतं ते पुढे, कारण पुन्हा द्यायचा तेव्हा खरवडावं लागत नाही, झटकायचं, ओलं करायचं आणि एक हात मारायचा. वेळ मात्र नऊ दिवस लागले, हातांच्या मधे वाळू द्यावंच लागतं आणि काका घाई करत नाहीत, सांगूनही करत नाहीत.

पाचपैकी चार देईन. एक तार्‍याची कपात युनिफॉर्मच्या पँटींसाठी आणि धुळीच्या त्या चार दिवसांसाठी, सासऱ्यांना दमा आहे, त्यांना नणंदेकडे पाठवावं लागलं होतं. काकांना मात्र पाचपैकी पाच.

यंदा नवरात्राच्या आधी सासूबाईंच्या खोलीला एक हात द्यायचा आहे, त्यांनी आत्तापासूनच विचारायला सुरुवात केलीये. नवीन चुना आणायची गरज नाही, गच्चीवरच्या पिंपात मागच्या वर्षीचा बादलीभर उरलाय, वर चार बोटं पाणी ठेवून झाकलेला. परवा झाकण काढून हात घातला, हातमोजा घालून, तर खाली अगदी ताज्या लोण्यासारखा लागला.